सरपंचताई, तुमच्या मागच्या दारी कोण येतं?

मराठवाड्यातल्या एका गावाच्या सरपंच बाईंचं हे पत्र. ओळख पटेल असे तपशील गाळून थोडक्यात देते आहे.

त्यांचं वय ३४, शिक्षण डी.एड., पण नोकरी लागली नाही. दीड वर्षापूर्वी गावचं सरपंचपद महिलेसाठी राखीव निघालं. पती दहा वर्षं गावच्या राजकारणात आहेत. तयारी त्यांचीच चालली होती. आरक्षण पडल्यावर अर्ज बाईंच्या नावानं भरला गेला आणि थेट जनतेतून त्या निवडून आल्या. ९ सदस्यांपैकी ५ मात्र समोरच्या पॅनलचे आहेत. त्या लिहितात, "लोक मला वहिनी म्हणतात आणि ह्यांना सरपंच. पंचायतीचा फोनही ह्यांच्याकडेच असतो."

गाव साधारण २४०० वस्तीचं. वरच्या आळीला नळाचं पाणी दिवसाआड येतं, खालच्या वस्तीला आठव्या दिवशी. १ मेच्या ग्रामसभेत यावरून गोंधळ झाला. बाई बोलायला उभ्या राहिल्या आणि घशाला कोरड पडली. शेवटी माजी सरपंच उठले, दोन वाक्यं बोलले आणि सभा चिडीचूप झाली. घरी आल्यावर पती म्हणाले, "सरपंचकी अंगात असावी लागते."

"नेतृत्वाचे गुण जन्मजात असतात का? माझ्यात ते नसतील तर राजीनामा द्यावा, की फक्त सहीपुरतं राहावं? भाषणाचा क्लास लावला तर काही फरक पडेल का?" असे त्यांचे प्रश्न आहेत. मध्येच एका ठिकाणी त्यांनी असंही लिहिलं आहे: "खालच्या वस्तीतल्या बायका संध्याकाळी आमच्या मागच्या दारी येऊन बसतात, पाण्याचं सांगतात. परवा पाणी सोडणारा शिपाईही हळूच सांगून गेला की कुणाकुणाच्या सांगण्यावरून रात्री पाण्याचा वॉल फिरवावा लागतो. पण ऐकून घेण्यापलीकडे मी काय करणार?"

प्रिय सरपंचताई,

मुद्दाम याच नावानं हाक मारते आहे. दीड वर्षात ती तुमच्या कानावर फारशी पडलेली नाही, असं पत्रावरून दिसतं.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्या दोन वेळा माझंही लक्ष ग्रामसभेकडेच गेलं. भरलेली सभा, कोरडा घसा आणि नंतर घरात ऐकावं लागलेलं ते वाक्य. कुणाही बाईला ते लागेल, तुम्हाला लागलं यात नवल नाही. तिसऱ्या वेळी मात्र मी मागच्या दाराच्या ओळींशी थांबले. तुम्ही त्या जाता जाता लिहून गेलात. मला वाटतं तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे.

त्या शिपायाचा विचार करा. ग्रामपंचायतीत त्याच्याइतका दुबळा माणूस दुसरा नसेल. पगार कधी वेळेवर होतो, कधी तीन-तीन महिने थकतो. उद्या कुणाच्या मनात आलं तर त्याची जागा दुसऱ्याला जाईल. रात्री वॉल कुणासाठी फिरतो हे माजी सरपंचांना सांगायची त्याची छाती झाली नसती. तुमच्या मिस्टरांनाही त्यानं ते सांगितलं नाही. ते तुम्हाला येऊन सांगितलं. त्यात त्याची रोजीरोटी धोक्यात होती, तरी सांगितलं. हे तुमच्या आवाजामुळे झालं नाही आणि पदामुळे तर नाहीच, कारण पद तुमच्याकडे आहे असं गावात अजून कुणी धरतच नाही. या बाईला खरं सांगितलं तर ती आपल्यावर उलटणार नाही, एवढा भरवसा त्याला वाटला म्हणून तो आला.

चांगल्या नेत्याची लक्षणं सांगणाऱ्या याद्या पुष्कळ असतात. दूरदृष्टी, धाडस, वक्तृत्व, निर्णयक्षमता. त्यांत खोटं काही नाही. पण माझ्या अनुभवात या सगळ्याच्या आधी येतं ते वेगळंच: सगळ्यात दुबळ्या माणसाला ज्याच्यासमोर खरं बोलायची भीती वाटत नाही, तो पुढारी. कारण खरं काय चाललंय हेच कानावर आलं नाही, तर दूरदृष्टी कशाच्या जोरावर दाखवणार आणि निर्णय कशावर घेणार?

हे मी शिकले ते चुकून, आणि माझ्या चुकीची किंमत दुसऱ्याच कुणी मोजल्यावर. काही वर्षं मी तालुक्याच्या गावी मुलींच्या एका वसतिगृहाची रेक्टर होते. मी जिन्यात पाऊल टाकलं की अख्ख्या मजल्यावरचा गलबला थांबायचा आणि मला त्याचा अभिमान वाटायचा. एकदा नववीतली एक मुलगी तीन दिवस तापानं फणफणत होती आणि मला पत्ता नव्हता. तिच्या खोलीतल्या पाचही जणींना माहीत होतं. त्या आधीच्या आठवड्यात, शाळा बुडवायला आजाराची सोंगं करणाऱ्या मुलींना मी प्रार्थनेच्या वेळी सगळ्यांसमोर फैलावर घेतलं होतं. मग कोण सांगणार? टायफॉइड निघाला. मुलगी बरी झाली, तिच्या आईनं मला दोषही दिला नाही. पण ते तीन दिवस मी विसरलेले नाही. ज्या शांततेला मी शिस्त समजत होते, ती भीती होती.

म्हणून १ मेच्या सभेकडे पुन्हा एकदा पाहा. माजी सरपंच दोन वाक्यं बोलले आणि सभा गप्प झाली. मग खालच्या वस्तीचं पाणी दुसऱ्या दिवशी आलं का? तुम्ही तसं लिहिलेलं नाही, म्हणजे आलं नसणार. गप्प झालेली माणसं उठून गेली आणि त्यांतल्याच बायका संध्याकाळी तुमच्या मागच्या दारी येऊन बसल्या. जे सभेत बोलायचं राहिलं ते तिथे बोलल्या. त्या दिवशी सभा जिंकली ती माजी सरपंचांनी, आणि प्रश्न होता तिथेच राहिला.

दरारा हा शब्द आपल्याकडे पुढाऱ्याला फार चिकटला आहे, आणि त्याला आधार म्हणून थेट शिवरायांचं नाव घेतलं जातं. म्हणून त्यांच्याच एका पत्राबद्दल सांगते. राज्याभिषेकाच्या सुमारास, पावसाळ्याच्या तोंडावर, चिपळूणजवळ हलवर्णला छावणी करून राहिलेल्या घोडदळाच्या अधिकाऱ्यांना ते लिहिलं आहे. पागेसाठी साठवलेलं धान्य आणि वैरण नीट पुरवून वापरा; ते आताच संपवलंत तर पावसाळ्यात काही मिळणार नाही, मग तुम्ही कुणब्यांच्या घरचे दाणे, भाकरी, गवत, लाकूडफाटा ओढू लागाल आणि रयतेला वाटेल की यांच्यापेक्षा मोगल बरे. पुढे आगीबद्दल आहे. कुणी चुली पेटवील, कुणी तमाखू ओढताना गवताचं आणि वाऱ्याचं भान ठेवणार नाही. रात्री दिवा तसाच ठेवलात तर उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गंजीला आग लागेल. एवढं सांगून ते बजावतात की एकदा सगळं जळून गेलं की मग कुणाच्या गर्दना मारल्या तरी त्यानं घर उभं राहणार नाही.

लवकरच छत्रपती होणारा माणूस उंदराच्या तोंडातल्या वातीपर्यंत विचार करतो. मला त्यात दिसतं ते असं, की कुणब्याच्या दारात उभं राहून आपल्याच फौजेकडे पाहता येणं, आणि शिक्षेनं काय होत नाही हे शिक्षा करायचा पूर्ण अधिकार असताना कळणं. दरारा त्यांचा होताच. पण तो अशा काळजीच्या मागून आलेला होता.

आता "जन्मजात" या शब्दाकडे येते. हा शब्द तुमच्याकडे घरातून आला आहे. तो तसाच धरून ठेवू नका. हिवरे बाजारचे पोपटराव पवार १९८९ मध्ये सरपंच झाले तेव्हा ते एम.कॉम. झालेले, क्रिकेट खेळणारे तरुण होते. पाणलोट, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी हे काही त्यांच्या पोटातून आलेलं नव्हतं, ते त्यांनी आणि गावानं मिळून शिकून घेतलं. त्या गावाचं सगळ्यांत शिकण्यासारखं काम माझ्या मते बंधारे नाहीत. पावसाळ्यानंतर यंदा किती पाऊस पडला, जमिनीत किती पाणी आहे आणि त्यातलं कशाला किती द्यायचं याचा ताळेबंद ग्रामसभेसमोर मांडला जातो. पाणी कमी असेल त्या वर्षी कुठली पिकं घ्यायची नाहीत हेही तिथेच ठरतं. उसाला आणि शेतीच्या बोअरला त्यांनी नाही म्हटलं. लोकांनी ते ऐकलं, कारण हिशेब त्यांच्या डोळ्यांसमोर होता. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावानं तर बहुमतानं निर्णय घेणंच सोडलं. सगळे राजी होईपर्यंत चर्चा करायची, एकाचाही विरोध असेल तर थांबायचं. तिथे बोलणाऱ्यापेक्षा ऐकत बसणाऱ्याची कसोटी जास्त लागते. तुम्हाला पाण्याच्या बाबतीत एवढं थांबता येणार नाही, उन्हाळा थांबत नाही. पण खालच्या वस्तीला बोलू द्यायच्या आधीच सभा उरकायची नाही, एवढं त्यांच्याकडून घेता येईल.

आरक्षणामुळे आले, नाहीतर आले नसते, असाही एक सूर पत्रात आहे. १९९३ मध्ये पंचायतींत महिलांसाठी जागा राखणारी ७३वी घटनादुरुस्ती लागू झाली आणि २०११ पासून महाराष्ट्रात पंचायतीतल्या निम्म्या जागा महिलांना मिळाल्या, त्या तुमच्यासारख्या बायकांसाठीच. पुरुष उमेदवार वडिलांच्या नावावर, भावकीच्या मतांवर, पैशावर निवडून येतात तेव्हा त्यांना कुणी विचारत नाही की तुम्ही कशामुळे आलात. दार कशानं उघडलं यापेक्षा आत आल्यावर काय केलं तेवढंच विचारा स्वतःला.

इथपर्यंत वाचून तुम्हाला बरं वाटलं असेल. आता जरा जड जाईल असं बोलते.

ऐकून घेणं हा गुण आहे, पण ऐकून घेऊन तिथेच ठेवलं तर ते फक्त चांगुलपणा राहतं. खालच्या वस्तीतल्या बायका अजून येतात, कारण त्यांना आशा आहे. वर्षभरात काही हललं नाही तर त्या येणं बंद करतील, आणि त्या का येत नाहीत हे सांगायलाही कुणी येणार नाही. दुसरं, मागच्या दारी कोण येत नाही याचाही विचार करा. वरच्या आळीतली माणसं येतात का? समोरच्या पॅनलचे ते पाच सदस्य? त्यांच्याकडेही त्यांचं काही खरं असणार. कदाचित वरच्या आळीतल्या एखाद्या घरी अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल आणि रात्रीचा वॉल त्यांच्यासाठीही फिरत असेल. एका बाजूचंच कानावर आलं तर त्यावर उभा केलेला न्याय टिकत नाही.

आणि एक प्रश्न विचारते, रागावू नका. तुमचं स्वतःचं घर वरच्या आळीत आहे, हे पत्रातल्या दुसऱ्या एका ओळीवरून कळतं. तुमच्या नळाला मोटर लावलेली आहे का? गावोगावी असते. चढावरच्या चार घरांनी नळाला मोटरी लावल्या की शेवटच्या घरापर्यंत नुसती हवा येते. तुमच्याकडे ती असेल तर पहिली तीच निघाली पाहिजे, कुठल्याही ठरावाच्या आणि भाषणाच्या आधी. गावात हे दोन दिवसांत सगळ्यांना कळेल, तुम्हाला सांगावं लागणार नाही. घरात यावरून बोलणी बसतील. पण स्वतःच्या नळाची मोटर न काढता दुसऱ्याची काढायला गेलात तर मात्र माजी सरपंचांसारखा आवाज कमावूनही काही होणार नाही.

आता तुम्ही लिहिलेले पर्याय बघू.

राजीनामा दिला तर सुटका होईल असं वाटतं, पण ही मुदत संपेपर्यंत पद महिलेसाठीच राखीव राहणार. म्हणजे पोटनिवडणूक होऊन दुसरी कुणी बाई येईल आणि तिच्यामागेही कुणी तरी फोन घेऊन उभा असेल. समोरचे पाच जण अविश्वास आणतील अशी भीती असेल तर त्यातही तथ्य कमी आहे. थेट निवडून आलेल्या सरपंचाविरुद्ध पहिली दोन वर्षं तो आणताच येत नाही. नंतरही तीन चतुर्थांश मतं लागतात, आणि शेवटचा कौल ग्रामसभेचा असतो. पाच जणांनी तेवढं होत नाही. तब्येत किंवा घरातली एखादी मोठी अडचण असेल तर राजीनाम्यात लाज नाही. आपल्याला सभेत बोलता आलं नाही, एवढ्यासाठी तो देऊ नका.

सहीपुरतं राहणं हा पर्याय मला सगळ्यांत धोक्याचा वाटतो, आणि अनेकींना तोच सोयीचा म्हणून सांगितला जातो. ग्रामपंचायतीचं बँक खातं सरपंच आणि ग्रामसेवक (आताचं पदनाव ग्रामपंचायत अधिकारी) यांच्या दोघांच्या सहीनं चालतं. वित्त आयोगाच्या निधीतली बिलं आता डिजिटल सहीनं निघतात. ताई, तुमच्या डिजिटल सहीची डोंगल, म्हणजे संगणकाला लावायची ती पेनड्राइव्हसारखी वस्तू, या क्षणी कुठे आहे? संगणक ऑपरेटरच्या टेबलाच्या खणात, की मिस्टरांच्या खिशात? उद्या लेखापरीक्षणात एखाद्या न झालेल्या कामाचं बिल सापडलं तर नोटीस तुमच्या नावानं येईल. ‘मला माहीत नव्हतं, हेच बघायचे’ हे उत्तर तिथे चालत नाही. सही तुमची तर वाचनही तुमचंच हवं.

तिसरा पर्याय तुम्ही लिहिला नाही, पण क्लासच्या प्रश्नात तो दडलेला आहे: माजी सरपंचांसारखं व्हायचं. त्याबद्दल वर बोलले आहे, पुन्हा बोलत नाही.

राहता राहिला तो तुमचा स्वतःचा रस्ता. तो कुठून सुरू करायचा ते सांगते.

आधी घरात. मिस्टरांशी बोला, पण पंचायतीत नाही आणि रागाच्या भरातही नाही. दहा वर्षं ज्या खुर्चीसाठी त्यांनी चपला झिजवल्या ती आरक्षणाच्या सोडतीत गेली. त्यांनाही काही तरी दुखत असेल. "अंगात असावी लागते" हे वाक्य त्या दुखण्यातूनही आलेलं असू शकतं. ते तुम्ही ओळखलंय हे त्यांना कळू द्या. त्यांना पंचायत समितीत कुठलं टेबल कुणाकडे आहे ते माहीत आहे, ठेकेदार माहीत आहेत, तालुक्याच्या खेपा ते तुमच्यापेक्षा बऱ्या करतील. ते काम त्यांच्याकडे मागून घ्या, मनापासून. तीन गोष्टी मात्र तुमच्याकडे हव्यात: फोन, सही आणि ग्रामसभेतली खुर्ची. यांतला फोन सगळ्यांत अवघड जाईल. इथे थोडं तुमच्याशीही बोलायचं आहे. तो फोन त्यांनी घेतला हे खरं, पण तो त्यांच्याकडे असणं तुम्हालाही सोयीचं झालं होतं का, हे एकदा एकटीनं बसून बघा. शिव्या त्यांनी खायच्या, चौकश्या त्यांनी झेलायच्या. मीही असं केलं आहे आयुष्यात, म्हणून विचारते.

(पत्रात तसं काही नाही, पण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणा सरपंचबाईच्या घरी फोन मागितल्यावर हात उगारला जात असेल, तर हा सल्ला तिच्यासाठी नाही. तिनं आधी १८१ या महिला हेल्पलाइनला फोन करावा, पाणी आणि ठराव नंतर.)

मग हिशेब. हा भाग तुम्हाला आवडेल, डी.एड.ला तुम्ही गणित शिकवायचा सराव केला असेल. जलजीवन मिशनचं माप माणशी रोज ५५ लिटर आहे. २४०० माणसांना १ लाख ३२ हजार लिटर झाले. तुमची टाकी किती लिटरची आहे, दिवसातून किती वेळा भरते, वीज किती तास असते, हे शिपायाला आणि ग्रामसेवकाला विचारून लिहून काढा. समजा टाकी ५० हजारांची आहे आणि दोनदा भरते, तर १ लाख लिटर होतात. माणशी ४१ लिटरच्या वर. मापापेक्षा कमी, पण आठ दिवस कोरडं राहण्याइतकं कमी नक्कीच नाही. असा आकडा निघाला तर पाणी नाही ही अडचण नाही, पाणी वाटलं जात नाही ही आहे. आणि खरोखरच कमी निघालं तर टँकरचा किंवा विहीर अधिग्रहणाचा प्रस्ताव करायला तोच कागद हातात येईल.

त्यानंतर पंधरा दिवस एक वही. वॉल कधी उघडला, कधी बंद केला, कुठल्या आळीचा. वही पंचायतीत टेबलावर उघडी ठेवा, कुणालाही बघता येईल अशी. दोन्ही आळ्यांतल्या एकेका बाईला आपल्या नळाला पाणी कधी आलं आणि कधी गेलं ते लिहायला सांगा. दोन्ही वह्या जुळल्या नाहीत की रात्रीची गोष्ट आपोआप समोर येईल, आणि ती कुणी सांगितली हा प्रश्नच उरणार नाही.

हे फार महत्त्वाचं आहे, म्हणून जरा थांबून सांगते. शिपायानं सांगितलेलं कधीही, कुणाहीसमोर त्याच्या नावानं बोलू नका. मिस्टरांसमोरही नाही. ग्रामसभेत संताप अनावर होईल आणि "मला सगळं माहीत आहे, रात्री कोण वॉल फिरवायला लावतं" असं तोंडून निघेल. त्या रात्री गाव शोध घेईल की हे बाहेर कुणी काढलं, आणि नाव निघायला वेळ लागणार नाही. दुबळ्यानं विश्वासानं सांगितलेलं सत्य असं उधळलं की पुन्हा कुणी मागच्या दारी येत नाही.

पुढच्या ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्या. नियमित ग्रामसभेच्या आधी ती घ्यायची असते, कायद्यातच आहे, पण बऱ्याच गावांत रजिस्टर घरोघर फिरवून सह्या घेतल्या की ती ‘होते’. तुम्ही खरोखरची घ्या, दुपारी, बायकांची कामं आवरतात त्या वेळेला, आणि जमलं तर खालच्या वस्तीतल्या अंगणवाडीत. वरच्या आळीतल्या बायकांना स्वतः घरी जाऊन बोलवा. पाण्याची वेळ चुकली तर काय होतं हे कुठल्याही आळीतल्या बाईला समजावून सांगावं लागत नाही. पुरुष जे भांडणानं वर्षभर सोडवू शकले नाहीत ते तिथे तासाभरात पुढे सरकेल असं मी म्हणत नाही, पण तिथे काय ठरलं ते प्रोसिडिंगमध्ये नीट लिहून घ्या.

समोरच्या पाच जणांपैकी ज्याच्याशी निदान बोलणं होतं अशा एकाकडे सभेच्या आधी वही घेऊन जा. त्याला वेळापत्रक करायला मदत मागा. त्याच्या प्रभागाचं काय अडतं तेही ऐकून या. ठराव मांडताना त्याचं नाव सूचक म्हणून असेल तर श्रेय त्याला जाईल, आणि जाऊ द्या. हे जमणं माणसाला फार अवघड जातं, कारण मेहनत आपली असते.

आणि ग्रामसभेत भाषण करूच नका. कागद हातात घ्या आणि आकडे वाचून दाखवा: टाकी एवढी, पाणी एवढं, वरच्या आळीला पंधरा दिवसांत एवढे तास, खालच्या वस्तीला एवढे. आवाज कापला तर कापू द्या, वाचत राहा. मग महिलांच्या सभेत काय ठरलं ते वाचा. मग बसा आणि लोकांना बोलू द्या. माजी सरपंच उठले तर त्यांचंही ऐका, ते म्हणतील ते लिहून घ्या, आणि एवढंच विचारा: "आबा, यातला कुठला आकडा चुकलाय?" वेळापत्रकानं वरच्या आळीचं पाणी थोडं कमी होईल, तेव्हा काही लोक दुखावणारच, त्यात तुमची भावकीही असेल. सगळ्यांना आवडत राहून पाणी वाटता येत नाही. दुखावलेल्यांच्या घरी दुसऱ्या दिवशी चहाला जा, पण वेळापत्रक बदलू नका.

बचत गटाच्या अध्यक्ष, शाळेच्या मुख्याध्यापिका, कार्यालयात चार जणांचं काम पाहणाऱ्या बायका आणि पुरुषसुद्धा हे सदर वाचतात. त्यांनी एवढंच आठवून बघावं: गेल्या महिन्यात हाताखालच्या कुणी आपल्याला नको असलेलं काही तोंडावर सांगितलं का? कुणीच सांगितलं नसेल तर सगळं छान चाललंय असं समजू नये. मी जिन्यात उभी राहून तसंच समजत होते.

भाषणाच्या क्लासबद्दल. हौस असेल तर जरूर लावा, बोलता येणं चांगलंच. पण पैसे आणि वेळ एकाच गोष्टीला पुरत असतील तर आधी सरपंचांचं प्रशिक्षण पूर्ण घ्या. पुण्याची यशदा संस्था आणि पंचायत समिती यांच्यामार्फत ते होतं. तिथे मिस्टरांना पाठवू नका, स्वतः जा, आणि रोकडवही म्हणजे नमुना ५ वाचायला शिकूनच परत या.

वेळापत्रक मंजूर झालं की ते पंचायतीच्या फळ्यावर आणि टाकीजवळ लावा, तुमच्या सहीनं. खाली फोन नंबर लिहा, तुमचा. शिपायाला सांगा की रात्री कुणी वॉल फिरवायला सांगितलं तर वाद घालू नकोस, ‘वेळापत्रक बाईंनी लावलंय, त्यांना फोन करा’ एवढंच म्हण. पहिल्या चार-सहा रात्रींत तो फोन येईल. बहुधा अकराच्या सुमारास, आणि आवाज चढलेला असेल. त्या रात्री फोन तुमच्या उशाशी ठेवा, आणि वाजला की तुम्हीच उचला.